वर्षाचे वेतन, महिन्याचा पगार : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात वेतन-कालावधीचा इतिहास

दिवाळी तोंडावर आली की ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्यांतून, कारखान्यांच्या फाटकांवर आणि कार्यालयांच्या उपाहारगृहांत एक कहाणी दरवर्षी नव्याने सांगितली जाते. पूर्वी या देशात कामगारांना आठवड्याला पगार मिळत असे. वर्षाचे आठवडे बावन्न. चार आठवड्यांचा एक पगार धरला तर वर्षात तेरा पगार होत. इंग्रजांनी मासिक पगाराची पद्धत आणली आणि तेरांचे बारा केले. कामगारांच्या हे ध्यानात आले, त्यांनी लढा दिला आणि सन १९४० च्या सुमारास हरवलेला तेरावा पगार 'बोनस' या नावाने परत मिळविला. कहाणी सुटसुटीत आहे, तिच्यात अन्याय आहे आणि त्याचे परिमार्जनही आहे. वाणिज्य व अर्थशास्त्र विषयांच्या वर्गांतही ती अधूनमधून ऐकू येते. प्रस्तुत लेखात या कहाणीच्या निमित्ताने वार्षिक वेतनाचे नियमित हप्त्यांत रूपांतर कसे होत आले आणि त्या रूपांतरात कोणाचे किती राहून गेले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम कहाणीतील गणित पाहणे योग्य ठरेल, कारण ते चुकीचे नाही. आठवड्याच्या वेतनाला चाराने गुणून महिन्याचे वेतन ठरविले, तर बारा महिन्यांत अठ्ठेचाळीस आठवड्यांचे पैसे मिळतात व चार आठवडे बुडतात. अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या मिळकतीवर ८.३३ टक्के, म्हणजे एक बारांश रक्कम दिली, तर नेमके ते चार आठवडे भरून निघतात. किमान बोनसचा कायदेशीर दर ८.३३ टक्के असल्यामुळे कहाणीला आकड्यांचा आधार मिळाल्यासारखे वाटते. परंतु आकडे जुळले म्हणून घटना घडली असे इतिहासात मानता येत नाही. आठवड्याच्या वेतनावरून मासिक वेतन काढण्याची योग्य रीत बावन्नाने गुणून बाराने भागण्याची आहे. त्यानुसार महिन्यात चार नव्हे, चार पूर्णांक एक तृतीयांश आठवडे पडतात. तेव्हा खरा प्रश्न असा की, मुंबई इलाख्यात आठवड्यावरून महिन्यावर असे स्थित्यंतर कधी झाले होते काय?

शब्दांतून दिसणारा कालावधी

मराठीत वेतनासाठी असलेले शब्द या दृष्टीने बोलके आहेत. 'मुशाहिरा' हा पेशवेकालीन कागदांत सर्रास आढळणारा शब्द 'महिना' या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला. 'दरमहा' फारसीतून आला. 'हप्ता' म्हणजे मूळचे सात दिवस. पुढे त्याला कोणत्याही ठरावीक मुदतीच्या रकमेचा अर्थ चिकटला. अहमदाबादच्या गिरण्यांत तर सुमारे पंधरा दिवसांच्या पगारालाही हप्ताच म्हणत. 'पगार' हा शब्द पोर्तुगीज. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा शब्द या किनाऱ्यावर परका का वाटला नाही ते समजते. याउलट 'सालीना', 'सालगडी', 'सालदार' हे शब्द वर्षाच्या हिशेबाचे आहेत. महिना आणि वर्ष हे दोन्ही हिशेब इंग्रजांच्या पूर्वीपासून येथे शेजारी शेजारी नांदत होते. आठवडा मात्र बाजाराचा होता, पगाराचा क्वचितच.

वार्षिक वेतनाचे महिन्यांत रूपांतर करताना महिने कमी करण्याची युक्तीही इंग्रजांची नव्हे. शाहजहानच्या कारकिर्दीत मनसबदारांचे वेतन कागदोपत्री वर्षाचे ठरलेले असे; पण जहागिरीचा प्रत्यक्ष वसूल कागदी आकारणीपेक्षा कमी येत असल्याने बारामाही, दहामाही, आठमाही, सहामाही अशा श्रेणी पाडल्या गेल्या. आठमाही मनसबदाराला वर्षाच्या वेतनापैकी आठ महिन्यांचेच पदरात पडे आणि त्या मानाने त्याच्यावरील घोडेस्वार बाळगण्याची जबाबदारीही कमी केली जाई. येथे निदान सरकारने खोट उघडपणे मान्य केली होती.

मराठेशाहीत अष्टप्रधानांचे वेतन वर्षाचे सांगितले जाते. पेशव्यांना १५,००० होन आणि अमात्यांना १२,००० होन हे आकडे इतिहासग्रंथांतून वारंवार येतात. शिवकालात जहागिरीऐवजी रोख वेतन देण्यावर भर होता. पुढील काळात फौजेच्या बाबतीत वर्षाचे वेतन आणि हातात येणारी रक्कम यांतील अंतर वाढत गेले. शिपायाला पोटापुरता 'रोजमुरा' मिळे व बाकी हिशेबात राही. ती बाकी थकली म्हणजे शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत अशा धरण्यांचे वर्णन केले आहे. 'धरणे' हा आज आंदोलनाचा शब्द असला, तरी त्याच्या जुन्या वापरात थकलेल्या येण्याच्या वसुलीचा, आणि त्यात पगाराचाही, मोठा वाटा होता हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

गावगाड्यात बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्य मिळे. सालगड्याचा करार गुढीपाडव्याला, खानदेशात अक्षय्य तृतीयेला होई. ठरलेल्या रकमेपैकी काही उचल आधीच दिली जाई आणि उरलेली वर्षभर तुकड्यातुकड्यांनी. उचल घेतलेला गडी वर्षाच्या मध्ये काम सोडू शकत नसे. रूपांतराचा हा दुसरा प्रकार : मनसबदाराचे वेतन मागून येई, सालगड्याचे थोडे आधी येई, दोन्हींत हिशेबाची वही मात्र देणाऱ्याच्या हाती.

गिरणी, महिना आणि उधारी

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. रेल्वे आणि पाठोपाठ आलेल्या कापड गिरण्या यांनी या परिसराला मासिक वेतनाची शिस्त लावली. मुंबईच्या गिरण्यांत मासिक वेतन हीच सर्वसाधारण पद्धत होती. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटले आयोगासमोर हीच वस्तुस्थिती आली. आठवड्याच्या पगाराची मोठी परंपरा मोडून महिना आणला गेला, असे मुंबईबाबत म्हणता येत नाही. उलट आठवड्याचा पगार ही त्या काळातील सुधारकांची मागणी होती. दिवाण चमनलाल यांनी १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात साप्ताहिक वेतनाचे विधेयक मांडले होते. व्हिटले आयोगानेही वेतनाचा कालावधी लहान असावा अशी शिफारस केली. थोडक्यात, लोककथेने इतिहासाचा क्रम उलटा केला आहे.

मात्र लोककथेमागील संशय अगदीच निराधार नव्हता. गिरणी कामगाराचे खरे नुकसान बावन्न आणि अठ्ठेचाळीस यांच्या फरकात नसून पगाराच्या तारखेत होते. एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या आठ ते पंधरा तारखेच्या दरम्यान होत असे. कोकणातून नव्याने आलेला मनुष्य एक तारखेला कामावर लागला, तर पहिला पगार हातात पडेपर्यंत सुमारे सहा आठवडे उलटत. तोवर खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, वाण्याची उधारी आणि गावची मनिऑर्डर हे सर्व कर्जावर. कर्ज देणारा पुष्कळदा जॉबर, वाणी किंवा पठाण सावकार असे. पहिल्या सहा आठवड्यांत झालेले कर्ज पुढे वर्षानुवर्षे फिटत नसे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर सहा आठवड्यांचे श्रम कामगार मालकाला बिनव्याजी उसने देत होता आणि स्वतःच्या भाकरीसाठी त्याच रकमेवर जबर व्याज भरत होता.

त्यात खाड्यांची भर. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याची 'डबल खाड्या'ची पद्धत मुंबईच्या गिरण्यांत कुप्रसिद्ध होती. महिन्याचा हिशेब महिन्याच्या शेवटी एकदाच होत असल्याने कोणत्या दिवसाचे किती कापले, हे निरक्षर कामगाराला पडताळता येत नसे.

१९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने या अनागोंदीला पहिली चौकट घातली. कायदा २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. वेतनाचा कालावधी एका महिन्यापेक्षा अधिक असू नये. एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेत वेतन सातव्या दिवसापूर्वी आणि इतरत्र दहाव्या दिवसापूर्वी द्यावे. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक नसावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. प्रारंभी त्याची व्याप्ती दरमहा दोनशे रुपयांच्या आतील कामगारांपुरती मर्यादित होती. महिना ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा होती. व्यवहारात मर्यादेचाच नियम झाला, याचे एक कारण असे की चाळीचे भाडे, दूधवाल्याचा व वाण्याचा खाता, रेल्वेचा पास या सर्वांचा हिशेब महिन्याचाच होता. रेल्वेने तर महिन्याचे महिन्यांत रूपांतरही आपल्या रीतीने केले : त्रैमासिक पासाचे भाडे मासिक पासाच्या तिप्पट नव्हे, २.७ पट. आगाऊ पैसे देणाऱ्या प्रवाशाला रेल्वे सूट देते. मागाहून पगार घेणाऱ्या नोकराला मालक व्याज देत नाही. डोंबिवलीच्या चाकरमान्याने आयुष्यभर हे दोन्ही व्यवहार एकाच पाकिटातून केले.

बोनसची खरी वाट

बोनस तेराव्या पगाराच्या हिशेबातून आला नाही. तो महागाईतून आला. पहिल्या महायुद्धात किमती भडकल्या आणि गिरण्यांचे नफेही. १९१७ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी वेतनावर १० टक्के युद्ध-बोनस दिला. तो पुढे १५ आणि १९१९ मध्ये ३५ टक्क्यांपर्यंत वाढला. त्याखेरीज १९१९ पासून काही वर्षे एका महिन्याच्या पगाराइतका वार्षिक बोनस देण्यात आला. सलग मिळणाऱ्या या रकमेने कामगारांच्या मनात हक्काची भावना निर्माण केली, यात नवल नाही. जुलै १९२३ मध्ये मालकांनी त्या वर्षीचा बोनस देणार नसल्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९२४ मध्ये संप पेटला. तो मार्चपर्यंत चालला व दीड लाखांवर कामगार त्यात ओढले गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला की रूढी, कायदा वा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर अंमलबजावणीयोग्य हक्क सिद्ध होत नाही. एक महिन्याचा पगार हा आकडा मात्र कामगारांच्या स्मरणात पक्का बसला. तेराव्या पगाराच्या कहाणीचे मूळ शोधावयाचे असेल तर ते बहुधा येथे शोधावे लागेल. ती १९४० च्या कोणत्याही ठरावात सापडणे कठीण आहे. ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतील प्रसिद्ध एक दिवसाचा संप औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध होता आणि मार्च १९४० चा संप महागाई भत्त्यासाठी होता. कहाणीत हे दोन्ही लढे कधीकधी तेराव्या पगाराच्या खात्यावर मांडले जातात, आणि त्यामुळे त्यांचे मूळ प्रयोजनच पुसले जाते.

स्वातंत्र्यानंतर बोनसला न्यायिक रूप मिळाले. मुंबई गिरणीमालक संघ व राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठाने १९५० मध्ये एक सूत्र घालून दिले : घसारा, कर, भांडवलावरील परतावा व यंत्रसामग्रीच्या पुनर्वसनाची तरतूद वजा जाता उरलेल्या नफ्यात कामगारांचा वाटा. बोनस म्हणजे राखून ठेवलेले वेतन, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये मुइर मिल्स प्रकरणात मान्य केला नाही. नंतर मेहेर आयोग आला आणि १९६५ चा बोनस कायदा झाला. त्यातील किमान दर चार टक्के होता, आठ नव्हे. ८.३३ टक्क्यांचा दर बोनस पुनर्विलोकन समितीच्या कामानंतर १९७२ मध्ये आला. आणीबाणीत, सप्टेंबर १९७५ च्या वटहुकुमाने, तो पुन्हा चारावर आणला गेला आणि १९७७ मध्ये पूर्ववत झाला. (पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९७५ मध्ये, त्याच सरकारने वेठबिगारीच्या उच्चाटनाचा वटहुकूम काढला, एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे यांतील अंतर इतके थोडे क्वचितच असते.) वेतन संहिता, २०१९ मध्ये हा दर आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के असा लिहिला आहे. म्हणजे न्यायालयाने नाकारलेली कल्पना, वर्षात एक अधिक महिना, विधिमंडळाने आकड्याच्या रूपाने स्वीकारली. इतिहास म्हणून लोककथा टिकत नाही. पण लोकांची न्यायबुद्धी कोणत्या आकड्यावर स्थिरावली होती हे ती अचूक सांगते.

महिन्याचे दिवस किती?

रूपांतराचा आणखी एक वाद मुख्यतः उपदानाच्या संदर्भात लढला गेला. १९७२ च्या कायद्यानुसार सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन उपदान म्हणून द्यावयाचे होते. मासिक वेतनावरून एका दिवसाचे वेतन काढताना भागाकार तिसाने करावयाचा की सव्विसाने? साप्ताहिक सुट्ट्या वगळता कामाचे दिवस सव्वीस. आणि वेतन तर कामाचे असते. १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस हा भाजक मान्य केला आणि नंतर तो कायद्यातच समाविष्ट झाला. अंतिम वेतन २६,००० रुपये आणि सेवा २५ वर्षे धरली, तर सव्विसाच्या हिशेबाने ३,७५,००० रुपये होतात; तिसाच्या हिशेबाने ३,२५,०००. वागळे इस्टेट, अंबरनाथ, शहाड, डोंबिवली एमआयडीसी या पट्ट्यातील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या हजारो कामगारांच्या दृष्टीने चार अंकांचा हा फरक घराच्या एका खोलीइतका होता.

महिन्याच्या बाहेरची माणसे

ठाणे जिल्ह्याचा इतिहास केवळ मासिक पगारदारांचा नाही. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातील वारल्यांमध्ये 'लग्नगडी' ही पद्धत होती : लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या रकमेपोटी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावयाचे. येथे संपूर्ण वेतन आधीच दिले असे मानले जाई, आणि ते कधी फिटले हे सावकारच सांगे. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन टिटवाळ्यास भरले. हे गाव पुढे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आले. त्या अधिवेशनास वारलीही आले होते आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील लढ्याला तेथून वेग आला. पुढच्या काही महिन्यांत वारल्यांनी दिवसाला बारा आण्यांपेक्षा कमी मजुरीवर काम न करण्याचे ठरविले. शहरातल्या कामगाराला रोजंदारीतून मासिक पगारावर जाणे ही बढती वाटे. वारल्याला वर्षांच्या हिशेबातून सुटून रोजंदारीवर येणे हीच मुक्ती होती. कालावधी लहान की मोठा यापेक्षा, काम व मोबदला यांच्यामधल्या काळात हिशेब कोणाकडे असतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वीटभट्ट्यांवर तो प्रश्न आजही जिवंत आहे. कल्याण, भिवंडी, मुरबाड परिसरातील भट्ट्यांवर येणाऱ्या कातकरी कुटुंबांना पावसाळ्यात बयाणा मिळतो, हंगामात आठवड्याला पोटापुरती 'खर्ची' मिळते आणि विटांचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. पेशवाईतील रोजमुरा आणि ही खर्ची यांत रचनेच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

पॅकेजची पुनरागत सालीना पद्धत

१९९० नंतरच्या उदारीकरणाने ठाण्यात आणि शेजारच्या ऐरोलीत जी कार्यालये उभी राहिली, त्यांनी पगाराचा प्रश्न पुन्हा वर्षात विचारावयास सुरुवात केली. डोंबिवलीतील मागील पिढी 'दरमहा किती' असे विचारीत असे. नवी पिढी 'पॅकेज किती' असे विचारते. महाविद्यालयांतील नोकरी-मेळाव्यांतही विद्यार्थ्याच्या हाती वार्षिक आकडाच पडतो, आणि तो बाराने भागून घरी सांगितला जातो. पहिला पगार हाती आल्यावर जी निराशा होते तिचे कारण या भागाकारात आहे.

सहा लाख रुपयांचे पॅकेज घेतले, तर बाराने भागून पन्नास हजार येतात. परंतु पॅकेज म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. मूळ वेतन निम्मे, म्हणजे तीन लाख धरल्यास, त्यावरील मालकाचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ३६,००० रुपये त्याच सहा लाखांत मोडतो. उपदानाची ४.८१ टक्के तरतूद १४,४३० रुपये होते, हा ४.८१ आकडा म्हणजे पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा. उरले ५,४९,५७० रुपये, महिन्याला सुमारे ४५,८००. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा वाटा ३,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा होऊन हातात सुमारे ४२,६०० येतात. पॅकेजचा दहावा भाग, म्हणजे साठ हजार, कामगिरीवर अवलंबून वर्षाअखेरीस मिळणारा असेल तर महिन्याला ३७,६०० च उरतात. बारामाही म्हणून सांगितलेला पगार प्रत्यक्षात साधारण नऊमाही ठरतो. निधी आणि उपदान ही कर्मचाऱ्याचीच रक्कम असते, ती पुढे मिळते, हे खरे; तथापि उपदानासाठी सर्वसाधारण नियमाने पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि या क्षेत्रात नोकरी दोन-तीन वर्षांत बदलली जाते. जी रक्कम दरवर्षी पॅकेजमध्ये दाखविली गेली, ती अशा तरुणाला मिळतच नाही.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात वेतनाच्या व्याख्येबाहेरील भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरील भाग वेतनातच धरण्याची तरतूद आहे, आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापूर्वी देण्याचे बंधन आहे. साप्ताहिक वेतन आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, साप्ताहिक सुट्टीपूर्वी, द्यावयाचे आहे. हे बंधन संगणक-कार्यालयात पाळले जाणे सोपे आहे. तेथे पगार महिन्याच्या अखेरीस आपोआप खात्यावर जमा होतो. मुरबाड रस्त्यावरील भट्टीवर मात्र सहा महिन्यांच्या विटांचा हिशेब अजून मालकाच्या वहीत, पावसाच्या पहिल्या सरीची वाट पाहत असतो.